रुई कोंबून घंटा गप्प होत नाही

पांढरकवडा म्हणजे कापसाचा मुलूख. हंगामात जिनिंगमधली रुई कुठेही हाताशी असते, त्यामुळे शाळेची किंवा दारावरची विजेची घंटा कान किटवू लागली की ‘वाटीखाली थोडा कापूस कोंबा’ हा सल्ला ठरलेला. कापूस आवाज शोषतो, ही त्यामागची समजूत अगदीच खोटी नाही. पण हवेतला आवाज शोषायला जाड थर लागतो, आणि तोही चिरक्या, उंच सुरांवरच चांगला चालतो. चिमूटभर रुईचे ते काम नव्हे. मग कापूस कोंबल्यावर घंटा दबते ती कशाने? वीज बंद करून घंटेच्या वाटीवर हलका टोला द्या. मधल्या स्क्रूपाशी बोट टेकवले तर नादात फारसा फरक पडत नाही, काठाला टेकवले की नाद जागच्या जागी तुटतो. धातूची थरथर काठाला सर्वाधिक असते आणि कापूस नेमका तिथे टेकतो. म्हणजे काम होते स्पर्शाने, शोषण्याने नव्हे. काठाला आतून कापडी चिकटपट्टीचे दोन-तीन थर दिले तरी तेच साधते, आणि धोकाही टळतो. कारण या घंटेत टोल्यागणिक विजेचा जोड तुटतो आणि पुन्हा जुळतो, तिथे बारीक ठिणगी उडते. रुईजवळ ठिणगी म्हणजे काय, हे जिनिंगवाल्यांना सांगायला नको.

त्याहून चांगला उपाय हातोडीवर आहे. लोखंड धातूवर आपटले की टोला क्षणार्धात संपतो आणि त्यातून कानाला टोचणारे उंच सूर उठतात. मध्ये चामडे किंवा रबर आले की स्पर्श किंचित लांबतो आणि तेच सूर आधी गळतात. इंग्लंडमधल्या चर्चमध्ये युद्धातल्या मृतांच्या स्मरणदिनी घंटेच्या लोलकाला एका बाजूने चामडे बांधतात. एक टोला खणखणीत पडतो, पुढचा दबका. एवढ्या अवजड घंटेला गुंडाळत कोणी बसत नाही.

यावर आक्षेप असा की मग मैदानाच्या टोकाला घंटा ऐकू कशी जाणार? आवाज १० डेसिबलने उतरला तर त्याची ऊर्जा दहावा भाग उरते, कानाला मात्र तो साधारण निम्माच वाटतो. शिवाय उघड्यावर अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबल आपोआप गळतात. म्हणजे घंटेखालच्या वर्गाला होणारा जाच आणि टोकाला पोचणारी हाक यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. एकच कर्कश घंटा ठेवण्यापेक्षा दबक्या दोन, दोन टोकांना लावाव्यात.

भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा थर्माकोल चिकटवणाऱ्यांचीही गल्लत होते. ट्रेमुळे खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, पण पलीकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागते आणि ते दोन्हींत नाही. पातळ प्लायवर ठोकलेल्या घंटेबरोबर ती फळीच वाजत असते. तिथे स्क्रूखाली रबराचे वायसर घातले तर पैसे वसूल. घंटेला पंख्याचा रेग्युलेटर जोडून आवाज उतरवण्याची युक्ती मात्र नको. विजेचा दाब कमी पडला की हातोडी पुरती ओढली जात नाही, घंटा कधी वाजते, कधी नुसती गुणगुणते. आणि हे सारे रोजच्या घंटेपुरतेच आहे, आगीच्या इशाऱ्याच्या घंटेला पट्टीसुद्धा लावू नये.