घरातील कीटकदंश : ओळख आणि उपचार

सकाळी मुलाच्या अंगावर लाल चट्टे दिसले, की ‘काहीतरी चावले असेल’ असे म्हणून घरातील मंडळी आपापल्या कामाला लागतात. बहुतेक वेळा ते खरेही असते आणि चट्टे काही दिवसांत मावळतात. परंतु प्रत्येक चट्टा इतका निरुपद्रवी नसतो. म्हणूनच चावा कोणाचा हे ओळखणे, ही उपचाराची पहिली पायरी होय.

चट्टे शरीरावर कोठे उठले आहेत, हे प्रथम पाहावे. डासाच्या चाव्याने उघड्या त्वचेवर सुटी गांध उठते. ढेकणाचे चट्टे पुष्कळदा ओळीने किंवा घोळक्याने असतात. चादरीवर रक्ताचे बारीक डाग आणि खाटेच्या सांध्यांत काळसर ठिपके आढळल्यास शंका उरत नाही. पिसवा बहुधा घोट्याभोवती व पोटरीवर चावतात. अशा वेळी घरातील कुत्र्यामांजरांकडे आणि उंदरांकडेही लक्ष द्यावे लागते.

या साध्या चाव्यांवर उपचारही साधाच आहे. जागा साबणाने व पाण्याने धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी आणि कॅलामाइन लोशन लावावे. मुलांची नखे कापलेली असावीत; कारण खाजवून झालेल्या जखमेत पू होतो. चुना, तंबाखू किंवा रॉकेल लावल्याने त्वचेला अपायच होतो. मधमाशीचा काटा त्वचेत रुतला असल्यास तो विनाविलंब काढावा. कोणत्याही दंशानंतर ओठ किंवा जीभ सुजली, धाप लागली अथवा भोवळ आली, तर रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

दोन विकार मात्र ‘चावा’ समजून अंगावर काढले जातात. पहिला खरजेचा. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व कमरेभोवती पुरळ, रात्री वाढणारी खाज आणि घरात एकाहून अधिक जणांना तोच त्रास, ही तिची लक्षणे. प्रथमच लागण झालेल्या माणसास चार ते सहा आठवडे खाज सुटत नाही. तरीही तो इतरांना लागण देऊ शकतो. म्हणून वैद्यकीय सल्ल्याने मिळणारे परमेथ्रिनचे मलम घरातील सर्वांनी एकाच दिवशी लावावे आणि कपडे व अंथरूण गरम पाण्यात धुवावे. वसतिगृहांतही हाच नियम पाळावा.

दुसरा विकार स्क्रब टायफस. वाढलेल्या गवतातील व झुडपांतील चिगर नावाच्या सूक्ष्म किड्याच्या दंशातून तो होतो. दंश जाणवतही नाही. पुढे काख, जांघ किंवा कमरेपाशी काळी खपली धरते व जोराचा ताप येतो. काही रुग्णांत खपली आढळतही नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व परिसरात या रोगाने बळी घेतले. वास्तविक डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाने तो बरा होतो. मात्र ते वेळेवर सुरू व्हावयास हवे. पावसाळ्यात व त्यानंतर ताप आलेल्या रुग्णाने अंगावरील खपली डॉक्टरांना आवर्जून दाखवावी.

शाळा, अंगणवाडी व वस्तीभोवतीचे गवत ग्रामपंचायतीने वेळीच कापून घ्यावे, उंदरांचा बंदोबस्त करावा. शिक्षकांनी सतत खाजवणाऱ्या मुलास वेगळे बसवून लाजवू नये. त्याच्या पालकांना आरोग्य केंद्राची वाट दाखवावी.