उपचार मोफत, वाट महाग

स्तनाचा कर्करोग काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले की आपल्याकडील बहुतेक घरांत ते वाक्य शेवटच्या निकालासारखे ऐकले जाते. ‘पसरला’ या एका शब्दापाशी विचार थांबतो. वस्तुतः काखेपर्यंत आलेला रोग आणि हाडे, यकृत वा फुप्फुसांत शिरलेला रोग यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्या अवस्थेत उपचार पूर्ण बरे करण्याच्या हेतूनेच केले जातात, आणि अनेक स्त्रिया त्यातून बऱ्या होऊन दीर्घकाळ जगतात. रायगडच्या किनाऱ्यावर प्रश्न उरतो तो हा उपचार अखेरपर्यंत नेण्याचा, आणि तो वैद्यकशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यविशारद हाल्स्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्र काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. जितके अधिक कापावे तितका रोग दूर, ही त्यामागची समजूत. पुढे बर्नार्ड फिशर यांनी ती खोडून काढली. रोगाच्या पेशी आरंभीच रक्तात उतरू शकतात, हे त्यांनी चाचण्यांच्या आधारे मांडले. १९७६ मध्ये मिलानच्या बोनादोन्ना यांनी दाखवून दिले की काखेत रोग पोहोचलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची केमोथेरपी दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण घटते. तेव्हापासून काखेतील ग्रंथी ही साऱ्या शरीराला औषध द्यावे, याची खूण ठरली.

या ज्ञानात मुंबईनेही भर घातली आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे. तेथील डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन दिले होते. सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता फरक ठळक नव्हता. मात्र काखेत रोग असलेल्या गटात पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ६६.८ टक्क्यांऐवजी ७५.७ टक्के आढळले. एका गटापुरता हा निष्कर्ष असल्याने तो सावधपणे घ्यावा लागतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली, अकरा केंद्रांतील १६०० स्त्रियांवरील चाचणी अधिक भक्कम आहे. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती साधे भुलीचे औषध टोचल्याने सहा वर्षांनंतरचे जगण्याचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. औषधाची किंमत आणि त्याचे मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना समजावण्यास याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

आता उपचाराचे वेळापत्रक पाहू. दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे केमोथेरपीचे सहा ते आठ फेरे, म्हणजे सुमारे चार ते सहा महिने, त्याआधी, मध्ये वा नंतर शस्त्रक्रिया, मग किरणोपचार, आणि गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देणारी असेल तर पाच ते दहा वर्षे रोजची गोळी. काही स्त्रियांना ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन वर्षभर घ्यावे लागते. खर्चाच्या बाबतीत शासनाने बरेच केले आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. तीच पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली, आणि २०२३ मध्ये तिची मर्यादा कुटुंबामागे पाच लाख रुपये करण्याचा निर्णय झाला.

परंतु योजना रुग्णालयाचे देयक भागवते. रुग्णालयापर्यंतची वाट भागवत नाही. अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन या तिन्ही गावांना प्रवासी रेल्वे नाही. मांडवा ते गेटवे ही लाँच पावसाळ्यात बंद असते. २०२० पासून मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो बोट जाते, पण दिवेआगर वा हरिहरेश्वरच्या स्त्रीला तिचा उपयोग किती? टाटा केंद्राचा खारघरचा मोठा परिसर रायगड जिल्ह्यातच असला, तरी दक्षिण किनाऱ्याहून तेथे पोहोचण्यात अर्धा दिवस एसटीतच जातो. २०२३ पासून स्त्रियांना एसटीचे भाडे निम्मे पडते हे खरे. पण भाडे हा खर्चाचा लहानसा भाग. सोबत येणाऱ्या मुलाचा वा नवऱ्याचा बुडालेला रोजगार, मुंबईतील मुक्काम, घरी राहिलेली म्हातारी माणसे आणि मुले, बाजारात न बसलेली मासळीची पाटी, यांची नोंद कोणत्याही देयकात होत नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ज्यांच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यांना तर नवे झाड उत्पन्न देईपर्यंत वर्षानुवर्षे थांबणे भाग आहे.

अशा घरात चौथ्या-पाचव्या फेऱ्यानंतर बाईला जरा बरे वाटू लागले की ‘आता पुरे’ असे तीच म्हणते. तिला अडाणी ठरवणे सोपे आहे. तिच्यापुढचा हिशेब मात्र खरा असतो. अर्धवट सोडलेल्या उपचारात तिचा जीव धोक्यात येतो आणि सार्वजनिक पैसाही वाया जातो.

आणखी एक खर्च शस्त्रक्रियेनंतर सुरू होतो. काखेतील ग्रंथी काढल्यावर काही स्त्रियांचा हात सुजतो, आणि लहानशा जखमेतूनही त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो. खाऱ्या पाण्यात, कोयत्याशी आणि माशांच्या काट्यांशी रोज गाठ पडणाऱ्या हातांना हा धोका अधिक. व्यायाम, हाताची निगा आणि वेळीच सल्ला यांची सोय तालुक्याच्या गावी झाली, तर तिचा रोजगार वाचेल.

उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. उपचाराचा आराखडा मोठ्या केंद्राने ठरवावा आणि केमोथेरपीचे फेरे जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावेत. अलिबागला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे उघडण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली; तिचा लाभ श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंत पोहोचला पाहिजे. काखेत रोग असलेल्या स्त्रियांतही किरणोपचार पाच आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांत देता येतात, असे २०१९ मध्ये चीनमधील चाचणीने दाखवले. मुक्कामाचे दोन आठवडे वाचणे ही गरीब घराला मोठी सवलत आहे. आणि योजनेत सोबत्याच्या प्रवासाची व बुडालेल्या मजुरीची काही भरपाई असावी.

याच्याही आधीची पायरी म्हणजे गाठ लवकर ओळखणे. मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे चाललेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने तपासणी केली होती. रोग अलीकडच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. पावसाळी मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. त्या काळात प्रत्येक कोळीवाड्यात अशी तपासणी का होऊ नये?

काखेतील गाठीवर विज्ञानाने बरीच मात केली आहे. आता एसटीच्या थांब्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतचे अंतर कमी करायचे आहे, आणि ते काम शासनाचे व समाजाचे आहे.