मायक्रोफोनमागची उमेदवारी

औरंगपुऱ्यात सरस्वती भुवनच्या आवारात आणि आसपासच्या पुस्तकांच्या दुकानांत रेंगाळणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना नभोवाणीची ओढ असते, ते हटकून एकच प्रश्न विचारतात: त्यासाठी पदवी कोणती घ्यावी? प्रश्न रास्त आहे. परंतु या क्षेत्रातील नामांकितांचे पूर्वचरित्र पाहिले असता निर्मात्याच्या खुर्चीपर्यंत जाणारा राजमार्ग असा कधी नव्हताच, असे दिसून येते.

आमच्या शहराचा नभोवाणीशी संबंध जुना. निजामाच्या अमदानीतील येथील केंद्र हैदराबादच्या केंद्राबरोबर १ एप्रिल १९५० रोजी आकाशवाणीकडे आले. पुढे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री असताना, बदली आणि बढती यांच्या हिशेबात गुंतलेल्या अधिकाऱ्यांच्या जोडीला साहित्यिक व कलावंतांना निर्माते म्हणून करारावर नेमावे, असे धोरण ठरले. सरकारी दफ्तराला अशी सद्‌बुद्धी क्वचितच सुचते.

१९५५ साली पुणे केंद्रावर रुजू झालेले पु. ल. देशपांडे तोपावेतो मुंबईत शाळामास्तर, बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक आणि चित्रपटात लेखक, नट, दिग्दर्शक, संगीतकार असे सर्व काही होऊन चुकले होते. शिवाय ज्या पेटीवर त्यांचा हात लीलया फिरत असे, ती पेटी आकाशवाणीवर १९४० पासून निषिद्ध होती, हा योग मोठा गमतीचा! पुढे ते प्रशिक्षणार्थ लंडनला बीबीसीत गेले आणि दिल्लीस १९५९ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या आरंभीच्या निर्मात्यांत त्यांची गणना झाली. पुण्यातच ग्रामीण कार्यक्रम सांभाळणाऱ्या व्यंकटेश माडगूळकरांजवळ शिकारीचा, चित्रकलेचा आणि माणदेशच्या बोलीचा अनुभव होता. मंगेश पाडगावकर काही वर्षे मुंबई केंद्रावर होते.

एवढ्या निरनिराळ्या शिदोरीचा उपयोग काय, हे गीतरामायणाच्या हकिकतीवरून कळते. १९५५ च्या रामनवमीपासून आठवड्यास एक याप्रमाणे छप्पन्न गीते प्रसारित करण्याची कल्पना पुणे केंद्राच्या सीताकांत लाड यांची. पहिल्याच गीताचा कागद सुधीर फडके यांच्याकडून गहाळ झाला, ग. दि. माडगूळकर संतापले, पुन्हा लिहिण्यास तयार होईनात. तेव्हा लाडांनी कागद-लेखणी देऊन त्यांना खोलीत कोंडले आणि पंधरा मिनिटांत गीत हाती आले, असे सांगतात. घड्याळ, कवीचा राग आणि संगीतकाराची धांदल या तिन्हींना एकाच वेळी सांभाळण्याची ही हिकमत कोणत्याही अभ्यासक्रमात नेमलेली नाही. ती माणसांत वावरूनच येते.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे इतकेच की, पदवी कोणतीही घ्या, पण दरम्यान नाटकात कामे करा, शेतकऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोला, गाणे ऐका, मोठ्याने वाचा. आकाशवाणीची केंद्रे नैमित्तिक उद्घोषकांसाठी वेळोवेळी जाहिरात देऊन परीक्षा व स्वरचाचणी घेतात. तो अर्ज अवश्य भरा.