धर्म शिकवणे आणि धर्माचा अभ्यास करणे

वसतिगृहाच्या दारात मुलाची पेटी उतरवून ठेवली की पालक प्रथम जेवणाची आणि अभ्यासाची चौकशी करतात. नंतर, जरा थांबून, दुसरा प्रश्न येतो. बौद्धेतर पालक विचारतात, "शाळा बौद्धांची आहे, आमच्या पोराले धर्माचं काय शिकवता?" बौद्ध पालकांचीही काळजी असतेच, "आपला धम्म लेकरांले नीट समजन ना?" वरकरणी हे प्रश्न एकमेकांविरुद्ध दिसतात. आमच्या मते दोहोंचे उत्तर एकच आहे आणि ते या स्मरणिकेत मोकळेपणाने मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

या उत्तराचा पाया डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घालून ठेवला आहे. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत धार्मिक शिक्षणाविषयीच्या अनुच्छेदावर चर्चा झाली. त्या वेळी त्यांनी एक भेद स्पष्ट केला : विशिष्ट मतांवर श्रद्धा ठेवावयास शिकविणे ही एक गोष्ट आणि धर्माचे संशोधन किंवा अध्ययन ही अगदी निराळी गोष्ट. आज तो संविधानाचा अनुच्छेद 28 आहे. त्यानुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याला, तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिकवणीस वा उपासनेस हजर राहावयास लावता येत नाही. म्हणून त्रिशरण-पंचशील ज्यांच्या घरची संमती आहे त्यांच्यासाठी. अध्ययन मात्र सर्वांसाठी, असे आम्ही मानतो.

परंतु धर्माचे अध्ययन म्हणजे नेमके काय? व्याख्येपेक्षा उदाहरणाने ते लवकर कळते. एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषींचे नाव आपल्या समाजातील अनेक वाचकांस परिचित आहे. 1926 साली आयोवा राज्यात त्यांचा जन्म झाला. शांतता आणि समता यांवर भर देणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या वातावरणात त्या वाढल्या. भारतातील विद्यापीठांतही आंबेडकरी चळवळीचा अभ्यास फारसा होत नव्हता, त्या काळात त्या महाराष्ट्रात आल्या, मराठी शिकल्या, कार्यकर्त्यांना भेटल्या आणि त्यांचे बोलणे त्यांनी टिपून घेतले. 1969 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांचा डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावरील प्रबंध स्वीकारला. पुढे 1997 पर्यंत त्यांनी मिनेसोटातील कार्लटन महाविद्यालयात इतिहास शिकविला. 2016 साली त्यांचे निधन झाले.

1956 चे धर्मांतर हा एका दिवसाचा प्रसंग नव्हता, हे त्यांच्या लेखनातून स्पष्ट होते. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे, किसन फागुजी बनसोडे अशा अनेकांच्या खटपटी त्यामागे उभ्या होत्या. दुसरीकडे त्यांनी संत चोखामेळ्याचाही तितक्याच आस्थेने अभ्यास केला. आपल्या वऱ्हाडातील मेहुणाराजा हे चोखोबांचे जन्मगाव, अशी परंपरा आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी भक्तिमार्ग मागे सोडला. पण आजोबा-पणजोबांनी त्यात काय शोधले होते, हे समजून घेणे म्हणजे त्याकडे परत जाणे नव्हे. स्वतः बाबासाहेबांनी 1948 चा आपला 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला होता.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. वरूडहून मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर काही दूर नाही. अ‍ॅन फेल्डहाउस या विदुषींनी तेथील गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद 1984 साली प्रसिद्ध केला आणि पुढे डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्यासह प्राचीन मराठीचा कोश सिद्ध केला. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी महानुभाव पंथ, महाराष्ट्रातील नद्या आणि यात्रा यांच्या अभ्यासात घालविला. मात्र ही पद्धत परदेशातूनच आली, असे समजण्याचे कारण नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी, ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन एकेक आठवण गोळा केली. त्यातूनच 'लीळाचरित्र' उभे राहिले. माणसाकडे जावे, विचारावे आणि त्याने सांगितले ते जपावे, ही परंपरा आपल्या मातीतच आहे.

हे अध्ययन शाळेच्या वर्गात कसे आणावे, याचा धडा तिसऱ्या उदाहरणातून मिळतो. इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठाच्या एलिनॉर नेस्बिट यांनी कॉव्हेन्ट्री शहरातील हिंदू आणि शीख मुलांचा दीर्घ अभ्यास केला. ग्रंथांत धर्म काय म्हणतो एवढ्यावर न थांबता त्यांनी मुलांनाच विचारले : तुमच्या घरी काय असते, तुम्ही काय करता, तुम्हाला काय वाटते? तेव्हा दिसले की, पाठ्यपुस्तके धर्माधर्मांत जितक्या ठळक रेघा ओढतात, तितक्या त्या घरांत नसतात. कित्येक पंजाबी कुटुंबांत हिंदू आणि शीख दोन्ही रीती नांदत होत्या. वाल्मीकी आणि रविदासी घरांतील मुले तर कोणत्याच एका चौकटीत नीट बसत नव्हती. नेस्बिट आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॅक्सन यांच्या या कामाचा उपयोग तेथील धर्मविषयक अध्यापनास झाला.

शीख परंपरा आपल्याला परकी नाही. नांदेड आपल्याच राज्यात आहे, संत नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि 1935 च्या येवल्याच्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी शीख धर्माचाही गंभीरपणे विचार केला होता. निवड करण्यापूर्वी अभ्यास करावा, हा त्यांचा शिरस्ता होता. कालामांना बुद्धांनी केलेला उपदेशही हाच : ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. तेव्हा अशा अध्ययनाने बौद्ध मुलाचा धम्म पातळ होत नाही आणि बौद्धेतर मुलाची श्रद्धाही काढून घेतली जात नाही.

आता एक निकडीची गोष्ट. 1927 च्या नोव्हेंबरात अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. ती पाहिलेली माणसे आज आपल्यात नाहीत. त्यांच्यापैकी किती जणांचे बोलणे आपण लिहून ठेवले? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दीक्षा घेतलेली पिढीही आता पिकल्या पानासारखी आहे. कोणी पायी गेले, कोणी बैलगाडीने, कोणी रेल्वेने. पांढरे लुगडे कोठून आणले, घरातील देव कोणी उचलले, कोण रडले, कोण अबोल झाले, हे त्यांच्यावाचून कोण सांगणार?

म्हणून आमची विनंती आहे. सुटीत घरी गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील वा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीजवळ बसावे. बौद्ध घरात दीक्षेची आठवण विचारावी. इतर घरांत पंढरीच्या वारीची, रिद्धपूरच्या यात्रेची, गुरुकुंज मोझरीच्या प्रार्थनेची किंवा दर्ग्यावरील उरुसाची. शक्य तेव्हा आपल्याहून वेगळ्या धर्माच्या शेजाऱ्यालाही विचारावे. आधी परवानगी घ्यावी, त्यांच्याच बोलीत लिहावे, मध्ये तोडू नये, हसू नये. लिहून झाल्यावर ते त्यांना वाचून दाखवावे आणि ज्याला ते नको म्हणतील तेवढे खोडावे. माजी विद्यार्थ्यांनीही आपल्या घरच्या आठवणी शाळेकडे पाठवाव्यात. ग्रंथालयात त्यांच्यासाठी एक कपाट राखून ठेवण्याचा आमचा मानस आहे.

पेटी उतरवून विचारलेल्या प्रश्नाचे आमचे उत्तर हे आहे. आपले पोर येथे कोणता धर्म मानावा हे शिकावयास आलेले नाही. स्वतःचे घर आणि शेजाऱ्याचे घर, दोन्ही नीट समजून घ्यावयास आलेले आहे.