कोठार आणि त्याची नोंदवही

विद्यार्थिमित्रहो, एखाद्या ग्रंथालयांतील सर्व पुस्तकें जागच्या जागीं असावींत, पण त्यांची नोंदवही तेवढी हरवावी, असें झालें तर काय होईल? एकहि पान फाटलेलें नसतां हवें तें पुस्तक हातीं लागणें दुर्घट होईल. संगणकाच्या साठवणीचें मर्महि हेंच आहे. तें समजण्यास आजच्या गुंतागुंतीच्या यंत्रापेक्षां जुनें, साधें यंत्र बरें. म्हणून १९८३ सालीं मार्च महिन्यांत आय.बी.एम. कंपनीनें बाहेर आणलेला 'पीसी एक्सटी' हा संगणक व त्यांतील दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क आपण पाहूं.

या डिस्कच्या बंद पेटींत चुंबकीय लेप दिलेल्या दोन तबकड्या एकाच आंसावर मिनिटास ३,६०० फेरे घेत. चारहि पृष्ठांवर लिहिणारें-वाचणारें एकेक शीर्ष, म्हणजे 'हेड', असे. ग्रामोफोनच्या तबकडीवर एकच चर फिरत फिरत आंत जातो. येथें प्रत्येक पृष्ठावर एकांत एक अशीं ३०६ स्वतंत्र वर्तुळें असत. त्यांस 'ट्रॅक' म्हणतात. प्रत्येक ट्रॅकचे १७ भाग, म्हणजे 'सेक्टर', व प्रत्येक सेक्टरांत ५१२ बाइट मावत. आतां गुणाकार करा: ४ × ३०६ × १७ × ५१२ = १,०६,५३,६९६ बाइट.

हे २०,८०८ सेक्टर एकेक करून सांभाळणें त्रासाचें. म्हणून कारभार पाहणारी 'डॉस' ही प्रणाली आठ सेक्टरांचा एक 'क्लस्टर' करी. चार ओळींच्या पत्रासहि ४,०९६ बाइटांचा अख्खा क्लस्टर खर्चीं पडे.

खरी युक्ति नोंदींत होती. 'डिरेक्टरी'मध्यें फाइलीचें नांव, आकार, तारीख व पहिल्या क्लस्टरचा क्रमांक असे. 'फाइल अलोकेशन टेबल' या दुसऱ्या तक्त्यांत प्रत्येक क्लस्टरपुढें त्याच फाइलीचा पुढचा क्लस्टर कोणता, तें लिहिलेलें असे. समजा, तुमचा निबंध ५० व्या क्लस्टरांत सुरू झाला. तक्त्यांत ५० पुढें ५१, ५१ पुढें ९०, आणि ९० पुढें समाप्तीची खूण आहे. मधली जागा दुसऱ्या फाइलींनीं व्यापली असली, तरी निबंध सलग वाचतां येई. मात्र असे तुकडे फार झाले कीं शीर्षास धांवाधांव पडे व काम मंदावे.

फाइल पुसण्याची आज्ञा दिली असतां डॉस मजकुरास स्पर्शहि करीत नसे. नांवाच्या पहिल्या अक्षराजागीं एक खूण करी, व तक्त्यांतील तिचीं घरें 'रिकामीं' म्हणून दाखवी. त्यावर दुसरी फाइल लिहिली जाईपर्यंत मजकूर तसाच राही. म्हणून चुकून पुसलेला निबंध पुष्कळदां परत मिळे. आणि लपविण्यासाठीं पुसलेलेंहि जाणत्यास वाचतां येई.

उलट, तक्ता बिघडला तर शाबूत मजकूरहि निरुपयोगी होई. या भीतीनें डॉस तक्त्याच्या दोन प्रती ठेवी. पण त्या एकाच डिस्कवर, शेजारीं शेजारीं! डिस्कच नादुरुस्त झाली तर दोन्ही गेल्या. म्हणून शहाणे लोक ३६० किलोबाइटच्या सुमारें ३० फ्लॉपींवर सर्व डिस्कची नक्कल काढून ती दुसऱ्या कपाटांत ठेवीत.

पालकहो, आज मुलांच्या हातांतील यंत्रांत तबकडीहि नसते. परंतु मजकूर एके ठिकाणीं व त्याचा पत्ता दुसरे ठिकाणीं, ही रीत कायम आहे. म्हणून टिपणें, घरचीं छायाचित्रें यांची एक प्रत अन्यत्र ठेवावी. आणि मुलांनो, यादींतून नांव खोडलें म्हणजे लिहिलेलें नाहींसें होतेंच असें नाहीं, हें ध्यानांत धरा. पुसण्याची पाळी येणार नाहीं असेंच लिहा.