गॅस संपत नाही, जातो

चारचाकीची नाडीपरीक्षा : भाग सहावा

मे महिन्यात बोईसरजवळच्या आमच्या सरावलीत कुणाच्या गाडीचा एसी चालतोय, हे कळायला आत बसावं लागत नाही. इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीखाली वाकून पाहावं. डाव्या अंगाला, पुढच्या सीटच्या खाली थेंब थेंब पाणी गळत असेल तर एसी जिवंत आहे. जमीन कोरडी ठणठणीत असेल, तर आत बसलेल्याला काही विचारायला जाऊ नये.

समुद्र आमच्यापासून हाकेवर नसला तरी वाऱ्यावर आहे. त्या दमट हवेतलं पाणी डॅशबोर्डमागच्या थंडगार कूलिंग कॉइलवर जमतं आणि नळीवाटे खाली गळतं. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो, तसंच. पण हा घाम फुकट येत नाही. हवेतून एक लिटर पाणी गाळताना जेवढी उष्णता काढून घ्यावी लागते, तेवढ्या उष्णतेवर नळाचं आठ लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे आमच्याकडे एसीची बरीचशी ताकद हवा गार करण्याआधी ती पिळण्यातच जाते. माझा नागपूरचा साडू मे महिन्यात फोनवर सांगतो, ‘बाहेर चव्वेचाळीस, आणि गाडीत हिला शाल लागते.’ त्याच्या कोरड्या हवेत एसीला पिळायला काही नसतं. त्याची फुशारकी मी मनावर घेत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्याच गाडीखालची जमीन कोरडी राहू लागली. गाडी नऊ वर्षांची, लहान. चिल्हार फाट्याकडे जाताना बेटेगावच्या पुढे कधीतरी झोत कोमट झाला आणि मनोर येईपर्यंत सगळ्या काचा खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गॅरेजात गेलो. तिथल्या माणसाने इंजिन सुरू न करताच गेज लावला, काट्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, ‘पंच्याण्णव आहे. गॅस फुल आहे. तुमचा कॉम्प्रेसर गेला.’ खर्च वीस हजारांच्या वर. मी हो म्हणायच्या बेतात होतो.

गेजवरचा आकडा खरा होता, त्याचा अर्थ चुकीचा लावला होता. आणि ही चूक इतकी सर्रास होते की आजचा भाग मुख्यतः तिच्यासाठीच आहे.

स्वयंपाकघरातला सिलिंडर आठवा. नवा लावला त्या दिवशी शेगडीची ज्योत जेवढी, तेवढीच संपायच्या आदल्या दिवशी. आतला गॅस द्रवरूपात असतो आणि त्यावर त्याचीच वाफ दाबून बसलेली असते. तळाशी थोडाजरी द्रव शिल्लक असला तरी वाफेचा दाब तोच राहतो, कारण तो ठरतो तापमानावर. द्रव किती उरलाय यावर नाही. म्हणून तर सिलिंडर किती उरला ते पाहायला घरातलं माणूस तो उचलून, हलवून पाहतं. गाडीच्या एसीत बहुतेक ठिकाणी आर-१३४ए नावाचा वायू असतो. त्याचा बंद अवस्थेतला दाब ३० अंश सेल्सिअसला साधारण ९७ पीएसआय. सकाळची वेळ, गॅरेजचं पत्र्याचं छप्पर, हवा तिशीच्या आसपास. गाडीत चारशे ग्रॅम गॅस असता किंवा दोनशे, बंद इंजिनवर काटा पंच्याण्णवच्या जवळपासच थांबला असता. त्या गेजने आम्हाला त्या दिवशीचं हवामान सांगितलं, एवढंच.

घरी आल्यावर शेजाऱ्यांनी पास्थळच्या बाजूला एका शेडमध्ये एसीचंच काम करणारा मुलगा सुचवला. वय असेल पंचविशीचं. त्याने गेजला हातच लावला नाही. ‘काका, गेज नंतर. आधी सांगा, वारा कसा येतो?’

वारा भरपूर येत होता, फक्त गार नव्हता. त्यामुळे अर्धी शंका तिथेच फिटली. वाराच कमी असेल तर दोष बहुधा ग्लोव्हबॉक्समागच्या केबिन फिल्टरमध्ये. तो वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही आणि आत धूळ, पाला नि कधीकधी उंदराचा संसार सापडतो. ब्लोअर फक्त चार नंबरवरच चालत असेल तर रेझिस्टर जळालेला. ही किरकोळ कामं.

मग त्याने मला बॉनेटजवळ उभं केलं आणि आतून एसीचं बटण दाबलं. ‘टक्’ आवाज झाला. कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यावर कायम फिरतच असते. बटण दाबल्यावर तिच्या तोंडावरचा मॅग्नेटिक क्लच चिकटतो आणि तेव्हा कुठे कॉम्प्रेसर कामाला लागतो. (काही नव्या गाड्यांत असा क्लचच नसतो, तिथे कान देऊन उपयोग नाही.) ‘टक्’ आलाच नाही तर फ्यूज, रिले, क्लचची कॉइल. पण इथे एक मेख आहे. गॅस अगदीच कमी झाला की प्रेशर स्विच स्वतःच क्लचचा करंट तोडतो, कॉम्प्रेसर कोरडा फिरून जळू नये म्हणून. तेव्हा आवाज न येण्यामागेही गॅसच असू शकतो, आणि लोक मात्र रिले बदलत बसतात. माझ्या गाडीत आवाज येत होता, पण टिकत नव्हता. टक्, चार-पाच सेकंद, पुन्हा टक्. मुलाने माझ्याकडे पाहून मान डोलावली, जणू मीच काहीतरी बरोबर सांगितलं होतं.

आता गेज. निळा काटा कमी दाबाच्या बाजूचा, लाल जास्त दाबाच्या. इंजिन सुरू, रेस थोडी वाढवलेली. निळा पस्तीसवरून तीस, पंचवीस असा घसरत गेला, टक् झालं, काटा परत वर चढला, परत टक्. लाल जेमतेम एकशेतीसपर्यंत गेला. तो दोनशेच्या आसपास असायला हवा होता. का, ते सोपं आहे. बाहेरची हवा ३५ अंश असेल तर कंडेन्सरला आपली उष्णता त्या हवेत टाकण्यासाठी तिच्यापेक्षा चांगलंच तापावं लागतं, समजा ५५ अंश. आर-१३४ए चा ५५ अंशांचा दाब होतो साधारण २०० पीएसआय. दोन्ही काटे कमी, याचा अर्थ आत माल कमी. लाल काटा तीनशेच्या पार गेला असता, तर कंडेन्सर चोंदलाय किंवा त्याचा पंखा बंद आहे असं म्हणता आलं असतं. अशी गाडी हायवेवर गार असते आणि बोईसरच्या रेल्वे पुलावरच्या कोंडीत तापते, कारण चालत्या गाडीत समोरून येणारा वाराच पंख्याचं काम करून टाकतो. आणि क्लच चिकटून फिरतोय, तरी दोन्ही काटे बंद इंजिनवर होते तिथेच शेजारी शेजारी बसून आहेत, असं दिसलं तरच कॉम्प्रेसरवर बोट ठेवावं.

कंडेन्सर हा शब्द आमच्या भागात नवा नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. तिथे टर्बाइन फिरवून झालेली वाफ कंडेन्सरमध्ये पुन्हा पाणी होते आणि तिची उष्णता अरबी समुद्राचं पाणी घेऊन जातं. त्या नोकरीतली माणसं इथल्या घराघरांत आहेत. गाडीच्या जाळीमागे बसलेला पातळ पत्रा तेच काम करतो, फक्त पाण्याऐवजी वाऱ्यावर.

आणि वाऱ्यात इथे मीठ असतं. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक पापुद्रा असतो, तोच त्याचं चिलखत. मिठातलं क्लोराइड तो पापुद्रा ठिकठिकाणी फोडतं आणि त्या टाचणीएवढ्या जागी धातू खोल खात जातं. त्यातून आमची औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुण मिळवून देशात पहिलं आलं होतं. पहिला नंबर आला तरी पेढे वाटले नाहीत असा तो निकाल. माझ्या कंडेन्सरचं पाप मात्र सगळं कारखान्यांच्या माथी मारायला नको. मीठ आणि पावसाळ्यात खालच्या कोपऱ्यात साचून राहणारा चिखल, एवढं त्याला पुरतं.

मुलगा जमिनीवर आडवा झाला, बॅटरी घेऊन बंपरच्या खालून बघू लागला आणि मलाही वाकायला लावलं. कंडेन्सरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा काळपट डाग होता. बाकी सगळीकडे धूळ कोरडी, फुंकली तर उडेल अशी. त्या डागावर मात्र ती पिठासारखी मळली गेली होती. त्याने बोट लावून चोळलं, बुळबुळीत लागलं.

‘काका, गॅस एकटा जात नाही. तेल घेऊन जातो.’

कॉम्प्रेसरचं वंगण गॅसबरोबरच सगळ्या नळ्यांतून फिरत असतं. जिथून गॅस सुटतो तिथे तेलाची ओल उरते. त्याने साबणाचा फेस लावला आणि तो कोपरा मंद, बारीक बुडबुडे सोडू लागला. वर्षाला एकदा ‘टॉप-अप’ करून घेणाऱ्यांनी हे दृश्य पाहावं. पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीचा गॅस बंद नळ्यांत गोल गोल फिरतो, त्याला संपायचं कारण नाही. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, तेवढं सोडलं तर कमी झालेला गॅस कुठल्यातरी वाटेने गेलेला असतो. ती वाट न शोधता पुन्हा भरला की तोही तिथूनच जातो, तेल घेऊन, आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी कॉम्प्रेसर खरंच जातो.

सुटलेला गॅस पुढे काय करतो, हेही थोडक्यात. जुना आर-१२ ओझोनचा थर खातो हे मोलिना आणि रोलंड यांच्या १९७४ च्या संशोधनातून पुढे आलं. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण वजनास वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट उष्णता अडवतो. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीत त्याचंही नाव आलं. भारताने ती २०२१ मध्ये मंजूर केली. व्हॉल्व्ह दाबून ‘फुस्स’ करून गॅस उडवून देणारा मेकॅनिक म्हणूनच मला आवडत नाही. तो झोत डोळ्यात गेला तर डोळा गोठवू शकतो, हे निराळंच.

कंडेन्सर नवा बसला. जोडाच्या ओ-रिंगा बदलल्या, ड्रायर बदलला, गेलेल्या तेलाचा हिशेब करून तेवढं तेल घातलं. मग व्हॅक्यूम पंप. मला घाई होती. ‘दहा मिनिटं पुरे’ म्हटल्यावर त्याने ऐकलं नाही, पाऊण तास लावला. नळ्यांत शिरलेला दमटपणा नुसता ओढून निघत नाही, तो उकळवून काढावा लागतो, आणि पुरेशा निर्वात जागेत पाणी तीस अंशांनाही उकळतं. ते आत राहिलं तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात बर्फ होऊन बसतं: एसी वीस मिनिटं गार, मग गरम, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा गार. पंप बंद करून त्याने काटा पंधरा मिनिटं तसाच ठेवला. हलला नाही.

शेवटी त्याने गॅसची बाटली वजनकाट्यावर ठेवली. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर गाडीला किती ग्रॅम लागतो ते छापलेलं असतं. तो आकडा त्याने खडूने जमिनीवर लिहिला आणि काट्यावर तेवढे ग्रॅम उतरेपर्यंत नजर हटवली नाही. पहिल्या गॅरेजात सांगितलेल्या खर्चाच्या निम्म्यातही हे सगळं बसलं. टपरीवरचा चहा पिऊन परत आलो, तर गाडी चालूच होती आणि खडूच्या आकड्यातलं शेवटचं शून्य वरून गळणाऱ्या पाण्याने पुसलं गेलं होतं.

(पुढच्या आठवड्यात : पावसाळ्याआधी वायपर आणि काचेवरची वाफ)