शेडनेटमधील रोपांवरची चिलटे

रोपवाटिकेत ट्रे उचलताच बारीक चिलटे उडाली, की पुष्कळ बागायतदार पंप घेऊन पानांवर फवारणी करतात. थोड्याच दिवसांत चिलटे पुन्हा दिसतात. म्हणून प्रथम कीड ओळखावी.

पानांच्या मागून पांढऱ्या भुकटीसारखे कीटक उडाले, तर ती पांढरी माशी. ती रस शोषते व टोमॅटोत पर्णगुच्छ रोग पसरविते. मात्र काळे, डासासारखे, २ ते ३ मि.मी. लांबीचे कीटक कोकोपीटवर तुरुतुरु पळत असतील, तर त्या 'फंगस नॅट' माश्या. त्या रोपाला खात नाहीत. नुकसान करतात त्यांच्या अळ्या, आणि त्या ओल्या कोकोपीटमध्ये असतात. तेथे पानांवरचे औषध पोहोचतच नाही. काळ्या चकचकीत डोक्याची ही पांढुरकी अळी बुरशी व शेवाळ खाते. संख्या वाढली की कोवळी मुळे कुरतडते. रोपे मलूल दिसतात, आपण आणखी पाणी देतो आणि अळ्यांचे फावते!

खात्रीसाठी ट्रेत बटाट्याची चकती ठेवावी व दोन दिवसांनी उलटून पाहावी. अळ्या असल्यास खाली जमलेल्या दिसतात.

निम्मा उपाय पाण्यातच आहे. उगवण झाल्यावर वरचा थर सुकू द्यावा, मगच पाणी द्यावे. ट्रेखाली पाणी साचू देऊ नये, शेवाळ काढून टाकावे. पिवळे चिकट सापळे ट्रेलगत लावावेत. त्यांत फक्त माश्या सापडतात, अळ्या नव्हे. घाटेअळीसाठी आणलेली बी.टी. पावडर येथे वाया जाते. या अळ्यांवर 'इस्राएलेन्सिस' हा वेगळा प्रकार चालतो.